तीन जुळे डबे

पिशव्यांतलं खाद्य डब्यांत ओतावं, एवढंच टापटीपरावांच्या मनात आलं. त्यात वाईट ते काय? फडताळात फाटक्या तोंडाच्या दोन पिशव्या लवंडलेल्या, आणि हा गृहस्थ ऑफिसच्या रेकॉर्डरूममध्ये टाचण्यासुद्धा एका दिशेला तोंड करून ठेवणारा. (टापटीपराव हे नाव ऑफिसनंच पाडलेलं. सगळे ते चेष्टेनं म्हणत, यांना तो सन्मान वाटे.)

बायको नातवाला बघायला लेकीकडे गेली होती. जाताना कोंबडीच्या पिल्लांचं खोकं यांच्या हवाली केलं होतं. ती पिल्लं तिनं स्वतः बल्बच्या उबेवर, हातानं अंडी फिरवत उबवली होती. त्यातलं एक पायानं अधू. त्या लंगडीवर तर तिचा भारी जीव.

"अहो, नीट ऐका. आत्ता फक्त स्टार्टर. अंगभर पिसं आली की हळूहळू ग्रोअर. लेअर आणलेलंच नाही, ते अंडी द्यायच्या वेळी. कळलं?"

"अगं, मी अख्खं रेकॉर्ड सांभाळतो!"

"तुमच्या हातून निवडुंग मेला होता."

हे त्यांना फार लागलं. या वेळी एकही जीव दगावू द्यायचा नाही, असा त्यांनी निश्चयच केला.

आणि निश्चयाची सुरुवात फडताळापासून केली. एकसारखे तीन डबे काढले. डावीकडे स्टार्टर, मधे ग्रोअर, आणि तिसरा रिकामा वाईट दिसतो म्हणून उजवीकडे स्वतःचा भरडा. (हा भरडा डॉक्टरांनी सकाळी दुधातून घ्यायला सांगितलेला. चव म्हणाल तर भिजलेला पुठ्ठा बरा.) डब्यांवर चिठ्ठ्या? छे! चिठ्ठी म्हणजे स्मरणशक्तीचा अपमान. मग हुरूप आला म्हणून डबे उतरवून फळीही पुसली, आणि डबे परत अगदी सुतात लावले. फक्त लावायला सुरुवात उलट्या टोकानं केली.

दुसऱ्या दिवशी भरडा जरा चवदार लागला. किंचित मासळीचा वास होता, पण डॉक्टरांनी जवस खा म्हटलं होतं, तो वास जवसाचा असेल, असं म्हणून त्यांनी वाटी चाटून पुसून संपवली.

पिल्लांचं मात्र काहीतरी बिनसलं. चोच लावायची आणि तोंड फिरवायची. पंख खाली पाडून बसायची. टापटीपराव खोक्यापुढे उकिडवे बसून बघत राहिले. डबा तोच, फळी तीच, जागा तीच. मग झालं तरी काय?

शेजारचे निवृत्त पीटी मास्तर कुंपणावरून ओरडले, "खुराक कमी पडतोय! थेट लेअर घाला. हाडं कशी दणकट होतील!"

टापटीपरावांनी घाबरून खाद्याच्या दुकानदाराला फोन लावला.

"लेअर? भलतंच काय! त्यात चुना किती असतो! एवढ्याशा जिवांची मूत्रपिंडं खराब होतील. स्टार्टर द्या."

"स्टार्टरच देतोय."

"मग पिसं यायला हवीत."

"नाही ना येत! ग्रोअर सुरू करू का?"

"मोठी झाल्याशिवाय ग्रोअर नको."

"अहो, पण ग्रोअरशिवाय मोठी कशी होणार?"

"स्टार्टर खाऊन!"

"तेच देतोय म्हटलं ना!"

फोन ठेवल्यावर त्यांना आपण बोलायला कुठून सुरुवात केली तेही आठवेना. ऑफिसात सगळे म्हणत होते, "काय टापटीपराव, चेहऱ्यावर तेज आलंय!" जिना चढताना दमही लागत नव्हता. पण यांचं लक्ष कुठं होतं? यांच्या डोळ्यांपुढे सारखी लंगडी.

एका सकाळी लंगडीनं मानच टाकली. टापटीपरावांनी तिला पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतलं, खोकं टेबलाशी ओढलं आणि कसाबसा आपल्या दूध-भरड्याच्या वाटीत चमचा घातला. "असं करू नकोस गं बाई," ते रडवेले होऊन म्हणाले, "ही परत आली की तिला मी कुठल्या तोंडानं सांगू?"

लंगडीनं एक डोळा उघडला. मान लांब केली. आणि पुढच्या क्षणी ती वाटीत गळ्यापर्यंत बुडाली होती. दुधाचे शिंतोडे चष्म्यावर उडाले. तो आवाज ऐकून बाकीची पिल्लंही खोक्याच्या कडेवरून धडपडत टेबलावर!

"अगं, ते माझं पथ्याचं आहे! सोडा! हट्!"

"काय चाललंय हे?" दारात बॅग घेऊन बायको उभी होती.

तिनं वाटीचा वास घेतला. फळीवरचे डबे उघडून पाहिले. मग अगदी शांतपणे विचारलं, "हे वाटीतलं स्टार्टर आहे. पिल्लांना इतके दिवस काय घातलंत?"

"माझा... भरडा," टापटीपराव म्हणाले.

तिनं स्टार्टरचा डबा टेबलावर उपडा केला. पिल्लं तुटून पडली. लंगडीची गळ्याखालची पिशवी टम्म फुगली, तेव्हा कुठे टापटीपरावांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"जगतील ना गं?"

"जगतील."

"आणि माझं काय होईल?"

तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चांगले भरलायत की अंगानं. पिसं आली की ग्रोअर सुरू करू."

"चेष्टा पुरे. म्हणजे मग पुढे लेअरही घालशील!"

"नाही हो," लंगडीला उचलत ती म्हणाली, "ते घराला काहीतरी देणाऱ्यांसाठी असतं."