मोडक सरांनी पास केलेली मुलगी

‘आज पाऊस पडेल’ असं म्हटलं की मोडक सर विचारत, “पुरावा?” हे लोणावळ्यात, भर जुलैत, स्वतःची छत्री उघडता उघडता. दूधवाले आबा एकदा म्हणाले, “दुधात पानी न्हाई, सर.” सरांनी पुरावा मागितला. आबा म्हणाले, “म्हस आनून बांदू का दारात?”

मी त्यांचा शेजारी, रेल्वेतला कारकून. सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. लग्न केलेलं नव्हतं. पीएच.डी.चा प्रबंध त्यांच्याकडे तपासायला गेला की विद्यार्थी नवस बोलत. पहिल्या वाचनात त्यांनी कुणाला पास केल्याचं ऐकिवात नव्हतं.

एकदा हॉलंडच्या एका विद्यापीठाने त्यांना बाहेरचे परीक्षक म्हणून नेमलं आणि प्रबंध बोटीने पाठवला. सोबतच्या पत्रात सरांना इतकी विशेषणं लावली होती, की मला तो मृत्युलेखच वाटला. सरांनी पत्र बाजूला ठेवून प्रबंध उघडला. विषय, मावळातल्या लेण्यांमधली पाण्याची टाकी. लिहिणारी मुलगी, एल्सा.

आठवडाभर भिंतीपलीकडून ‘छे, छे’ ऐकू येत होतं. मग एका रविवारी दार वाजलं. सर कोट घालून उभे.

“चला भाज्याच्या लेण्यांवर. ती म्हणते, वरचं टाकं भरलं की पाणी कातळात कोरलेल्या चरातून खालच्या टाक्यात जातं. सगळा प्रबंध त्या चरावर उभा आहे. मी तिथं कितीदा गेलो, मला कधी दिसला नाही. चर नसला तर मुलगी नापास.”

“पण कोट कशाला, सर?”

“परीक्षा आहे.”

मळवलीला उतरून आम्ही पावसात लेण्याच्या पायऱ्या चढलो. वरच्या टाक्यापाशी सर कोटासकट पालथे पडले आणि शेवाळ खरवडू लागले. खाली चर होता. पाणी गुमान खालच्या टाक्याकडे निघालं होतं.

शेळ्या घेऊन आडोशाला बसलेली एक मावशी हे बघत होती. “तुमचं बी कायतरी पडलं व्हय?”

“आणखी कुणाचं पडलं होतं?” मी विचारलं.

“ती गोरी पोर. अशीच पालथी पडायची. अंगात ताप, तरी यायची. म्या म्हनलं, पोरी, घरी जा. तिला काय कळंना. मग भाकर दिली.”

सर उठून बसले. “तापाचं प्रबंधात काही नाही,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “खाल्ली का तिनं?”

“खाल्ली की. ठेच्यानं रडली, पर खाल्ली.”

परतीच्या गाडीत सर बराच वेळ कोट पिळत होते. “आपल्या टाक्यांपायी कुणी एवढ्या लांबून येईल असं वाटलं नव्हतं,” ते म्हणाले. “उपकारच म्हणायचे.”

अहवालात त्यांनी नेमकं काय लिहिलं ते मला माहीत नाही. एल्साला पदवी मिळाल्याचं कळलं, त्या संध्याकाळी मात्र ते पेढ्यांचा पुडा आणि मला घेऊन गल्लीत दारोदार हिंडले. प्रत्येक दारात एकच वाक्य, “मुलगी पास झाली. डॉक्टर झाली.” जुने शेजारी गोंधळून पेढा घेत होते.

शेवटच्या घरातल्या काकू गल्लीत नव्यानेच राहायला आल्या होत्या. त्यांना सरांची काहीच माहिती नव्हती.

“अगंबाई, डॉक्टर,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “मग आता लग्नाचं बघत असाल तिच्या?”

मी खुलासा करायला तोंड उघडलं. पण सरांनी त्यांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

“घाई केली नाही,” ते म्हणाले. “आधी शिक्षण पुरं होऊ दे म्हटलं.”