कुंदाताईंना न पटलेल्या नायिका

आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेल्यांना वाटतं, कुंदाताईंकडे कुणीतरी वयात आलेली मुलगी आहे. दुपारी त्यांच्या दारावरून गेलं की आतून ऐकू येतं, "अगं बावळट, तू कशाला फोन करतेस? आधी त्याला करू दे."

मुलगीबिलगी कुणी नाही. सत्तरी ओलांडलेल्या कुंदाताई एकट्याच राहतात. ही बोलणी बसतात ती कादंबरीतल्या नायिकेला. कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या, तेवढ्याच त्या वाचतात. पुस्तक संपलं की माझी बेल वाजवतात. सुरुवात ठरलेली, "हे काही मला पटलं नाही."

"या सगळ्यांचे आईवडील पहिल्याच प्रकरणात कसे गं मरतात? लेखकाला पुढे सांभाळायला नकोत म्हणून?" एकीवर दोघं भाळले की त्या चष्मा काढून माझ्याकडे बघतात. "आमच्या वेळी एकाची मारामार होती." आणि नायिका जग वाचवायला निघाली, तर ती अभ्यास कधी करते, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

एकदा मी विचारलं, "मोठ्यांच्या कादंबऱ्या का नाही वाचत?"

"मोठी मी लवकर झाले गं. अकरावी झाले आणि वडील गेले. कोलशेतच्या एका कंपनीत टायपिंगला लागले, धाकट्यांचं सगळं केलं. ती आता आपापल्या घरी. मधलं ते वय राहूनच गेलं." एवढं बोलून त्या चहा गाळायला उठल्या.

मागच्या महिन्यात लायब्ररीने अशाच एका कादंबरीवर मुलांची चर्चा ठेवली होती. कुंदाताई इस्त्रीची साडी नेसून गेल्या. परतताना सोबत हवी म्हणून मला बोलावलं होतं. मी दाराशी पोचले, तर त्या तीन-चार मुलींच्या घोळक्यात बसून तावातावाने बोलत होत्या.

"घर सोडून गेली, बरोबर केलं. पण इतक्या लवकर परत का आली?"

"एक्झॅक्टली आजी," एक मुलगी म्हणाली. "लास्टला सगळं उरकलंय नुसतं."

कुंदाताई मोकळेपणाने हसल्या. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

चर्चा संपली. मुलींनी बॅगा उचलल्या. "चला ना, पाणीपुरी खाऊया," कुणीतरी म्हणालं. कुंदाताईही उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"बाय आजी, मस्त बोललात," म्हणत मुली माझ्या बाजूने जिना उतरून गेल्या.

कुंदाताईंनी खांद्यावरची पर्स टेबलावर ठेवली. मग एकेक खुर्ची भिंतीला लावू लागल्या. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी दोन पायऱ्या खाली उतरले आणि आत्ताच आल्यासारखी हाक मारली.

रिक्षात त्यांनी पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "पोरी किती आग्रह करत होत्या गं, पाणीपुरीला चला म्हणून. मीच नको म्हटलं. गुडघे दुखतात."

"बरं केलंत," मी म्हटलं.