तायडेकाकांचा सहा नंबर

प्रोग्रामिंग शिकणारा माणूस पहिल्या दिवशी संगणकाकडून सगळ्या जगाला नमस्कार म्हणवून घेतो. तशी पद्धतच आहे. तायडेकाकांनी मात्र साफ नकार दिला.

"जगाले काहून नमस्कार करू म्याडम? जग का माह्या वळखीचं हाय?"

मग एका बोटाने, चांगली वीस मिनिटं खर्चून, त्यांनी स्वतःचा प्रोग्राम लिहिला. तो सुरू केला की पडद्यावर यायचं, 'जेवले काय?' आपण 'नाही' लिहिलं की तो म्हणायचा, 'मंग आधी जेवून या,' आणि बंद पडायचा. पुढे काही नव्हतंच.

तायडेकाका अमरावतीच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे अटेंडंट. मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळी अकोल्याहून गाडीने येते, संध्याकाळी परत जाते. कॉलेजात माझ्या हक्काची म्हणावी अशी एक पाण्याची बाटली आहे. लॅब मात्र पूर्णपणे काकांची. चपला बाहेर, दप्तरं बाहेर, आणि आत गेल्यावर कोणत्या यंत्राची तब्येत कशी आहे ते आधी ऐकून घ्यायचं. "सात नंबरले आज कसर हाय. त्याले हात लावू नका," असं ते इतक्या गंभीरपणे सांगत की मुलं सात नंबरपाशी हळू आवाजात बोलत.

यंदा कॉलेजने नवशिक्यांसाठी प्रोग्रामिंगचा सर्टिफिकेट कोर्स काढला. पहिल्या तासाला काका कुलूप उघडायला म्हणून आले आणि पहिल्या बाकावर बसले ते उठलेच नाहीत. प्राचार्यांच्या परवानगीचा कागद खिशात होता. निवृत्तीला सात महिने राहिले होते. आता हे शिकून काय करणार, असं मी विचारलं.

"मले एकच प्रोग्राम बनवाचा हाय. थो झाला का मी सुटलो."

कसला, ते काही सांगितलं नाही.

विद्यार्थी म्हणून काका म्हणजे डोक्याला ताप. व्हेरिएबल म्हणजे उत्तर ठेवायचा डबा, डब्याला नाव द्यायचं, साधं एक्स दिलं तरी चालतं, असं मी शिकवलं. काकांना एक्स नामंजूर. "शाळेत माहं चुकलं का मास्तर वहीवर हीच फुली मारत. घरी आणू काय त्याले?" म्हणून त्यांच्या प्रत्येक प्रोग्रामात पहिल्या डब्याचं नाव निर्मला. त्रिकोणाचं क्षेत्रफळसुद्धा निर्मला गुणिले उंची भागिले दोन. वर पोट्टे विचारणार, "काका, आज निर्मलाकाकूत काय भरलं?" आणि काका खुशाल उत्तर देणार, "आज साडेचार भरले." मी तोंडावर फाइल धरून हसून घ्यायची.

शिवाय त्यांचा प्रोग्राम विचारल्याशिवाय काहीच करत नसे. भागाकार करण्याआधी 'भागू काय?' उत्तर दाखवण्याआधी 'सांगू काय?' हे कशाला, म्हटलं की ठरलेलं उत्तर, "इचारलेलं बरं असते, म्याडम."

मग लूप आला. एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावायचं, फक्त कुठे थांबायचं ते आधी सांगून ठेवायचं. काका नेमकं तेच विसरले. त्यांचा संगणक प्रोजेक्टरला जोडलेला, आणि भिंतीवर 'जेवले काय? जेवले काय? जेवले काय?' असं धो धो वाहायला लागलं. त्याच वेळी प्राचार्य दोन पाहुण्यांना लॅब दाखवायला आत आले. प्राचार्यांनी भिंत वाचली आणि ते सभ्यपणे म्हणाले, "हो, झालं आमचं."

काका वायरच उपटायला निघाले होते. मी धावत जाऊन कंट्रोल आणि सी दाबलं. "दोनच बोटं दाबली आन् थो चूप?" म्हणत त्यांनी ते पेनाने तळहातावर लिहून घेतलं.

त्या दुपारी आम्ही लॅबमध्येच डबे उघडले. हे जेवणाचं काय खूळ घेतलंय, असं मी हसत हसत विचारलं. काका भाकरीचा तुकडा हातात धरून बोलत राहिले.

"मी दररोज एक वाजता घरी फोन लावत होतो. जेवली काय, एवढंच इचाराचं. मंग निर्मला पंधरा मिनिटं बोले. मी मधात तोंड उघडलं का म्हणे, चूप बसा जी. तीस वर्षं हेच ऐकलं. मागच्या साली तिले लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजते सारं, वाचते बी. आता पुतणी तिच्या कानाले फोन लावते. मी इचारतो, जेवली काय. तिकून काहीच नाही येत."

मग म्हणाले, "डाव्या हाताचं एक बोट मात्र चांगलं चालते."

मला माझीच लाज वाटली. दोन महिने मी या माणसाच्या निर्मलाला हसत होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं त्या एका प्रोग्रामच्या मागे लागलो. प्रोग्राम विचारणार, 'काय पाहिजे?' आणि काकू एक कळ दाबणार. एक म्हणजे पाणी, दोन चहा, तीन पंखा, चार कूस बदला, पाच बाहेर बसवा. काकांनी घरून आणलेल्या लॅपटॉपच्या त्या कळांवर लाल टिकल्या चिकटवल्या. सहा नंबरलाही टिकली लावली, पण तो कशाचा, ते माझ्या नकळत त्यांनीच ठरवलं.

ते कळलं परीक्षेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काकांच्या कळा क्रमाने दाबून पाहिल्या आणि शेवटी सहा दाबला. पडद्यावर आलं, 'चूप बसा जी.'

"हे काय?" साहेब म्हणाले.

"थे आमच्या घरचं बोलणं हाय, सर."

साहेबांनी चांगले मार्क दिले. पुन्हा कोणत्याही कळेला मात्र हात लावला नाही.

काका पास झाले. मी पेढ्यांची वाट पाहत होते, आणि पंधरा दिवसांनी ते रिकाम्या हाताने माझ्यासमोर उभे राहिले. "पास मी झालो, म्याडम. प्रोग्राम नापास झाला. लॅपटॉप समोर ठेवला का निर्मला तोंड फिरवते. एक कळ नाही दाबली." इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

त्या रविवारी मी नांदगाव पेठला त्यांच्या घरी गेले. काकू उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, लॅपटॉपकडे मुळीच नाही. काकांनी तो त्यांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवला आणि सुरू झाले. ह्या म्याडम अकोल्याहून येतात, यायनंच शिकवलं, एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा, तू पाहून त घे, टिकल्या तुह्याच डबीतल्या हायेत, परीक्षेत साहेब काय म्हणाले, प्राचार्य काय म्हणाले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला मधे बोलायला फट सापडेना. काकूंच्या कपाळावर आठी चढत गेली.

मग त्यांचा डावा हात हलला.

'चूप बसा जी.'

काका बोलतच होते. त्यांचं लक्षच नव्हतं.

'चूप बसा जी. चूप बसा जी. चूप बसा जी.' ओळींवर ओळी येऊ लागल्या, अर्धा पडदा भरला, मग सगळाच भरला. थांबायची अट काका पुन्हा विसरले वाटतं, असं समजून मी घाईने पुढे झाले आणि कंट्रोल आणि सीकडे बोटं नेली.

काकांनी माझं मनगट धरलं. ते आता पडद्याकडे पाहत होते, मग काकूंच्या बोटाकडे. टिकलीवर ते बोट ठकाठक पडत होतं.

"थांबा म्याडम," ते म्हणाले. "हा लूप नाही. निर्मला बोलून राहिली."

आणि सांगितल्याप्रमाणे चूप बसले.