सोपानरावांचं पान

आमच्या घरी चहा प्यायला की ज्ञानूतात्या माझ्या बायकोला म्हणायचे, "वहिनी, चहा फक्कड. पर मी फुकट पितोय, तवा माझं मत धरू नगा."

कुणाचंही कौतुक करण्याआधी आपण त्याचं काय खाल्लं ते सांगायचं, हा तात्यांचा नेम. शेळगावच्या एका स्थळाची कुणी त्यांच्याकडे चौकशी केली. तात्या म्हणाले, "मुलगा सोन्यासारखा हाय. पर त्याच्या बापानं मला दोन पोती जवारी धाडलीया. दुसऱ्या कुणाला तरी इचारा." मुलीकडच्यांनी मग इतक्या जणांना विचारलं, की लग्न चार महिने लांबलं.

नव्वदच्या दशकात तात्या बारामतीजवळच्या जळोचीतून शेतीचं एक मासिक काढत. मी गणिताचा मास्तर, म्हणून लेखांतले आकडे तपासायचं काम माझ्याकडे. जाहिरातीभोवती तात्या बोटभर जाड काळी चौकट घालत. एका खतवाल्यानं तक्रार केली, "तात्या, ही जाहिरात हाय का दुखवटा?" तात्या म्हणाले, "लांबनं वळखू आली पायजे."

मासिक लोक मागच्या पानापासून वाचायला घेत, कारण शेवटच्या पानावर कळसचे सोपानराव लिहीत. तात्यांचे ते शाळासोबती. माती, वारा, बैलाची खोड असं काहीही लिहायचे, आणि वाचताना तात्या एकटेच हसायचे.

एका अंकात सोपानरावांनी टोमॅटोच्या नव्या बियाण्याविषयी लिहिलं. अंक वाटून झाल्यावर त्या कंपनीचं पत्रक माझ्या हाती आलं. एकरी उतारा साडेअठरा टन, लेखात आणि पत्रकात तोच. सोपानरावांचा टोमॅटो होता पंधरा गुंठे, आणि पहिला तोडासुद्धा झाला नव्हता. मी तात्यांना दाखवलं. ते तडक कळसला गेले. सोपानरावांच्या सोप्यात कंपनीनं दिलेला कोरा फवारणी पंप उभा होता.

दुसऱ्या दिवशी सोपानराव स्वतः जळोचीला आले. पंप परत करून आले होते.

"तात्या, चार शिव्या दे. पर छापू नगंस."

"तुझं वाचून लोकांनी बी आणलं, सोपाना. त्यांच्या घरोघरी सांगाय कोण जाणार?"

"चाळीस वर्सांची वळख हाय आपली."

"व्हय, म्हणून तर लेख न वाचता छापाय धाडला. ते बी छापतोय."

पुढच्या अंकात पहिल्याच पानावर खुलासा आला. गेल्या महिन्याचा लेख ही जाहिरात होती, आणि संपादकानं तो न वाचता छापला. खाली तात्यांचं नाव. सोपानरावांनी लिहिणं बंद केलं.

आकडा मी दाखवला. त्यात माझं चुकलं नव्हतं, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे.

शेवटच्या पानाला जाहिरातवाली गिऱ्हाइकं आली. तात्या प्रत्येकाला सांगत, "ते मोकळं न्हाय." अंक छापायला जाईपर्यंत ते पान तसंच राही, मग तात्या त्यावर नाइलाजानं पाऊसपाण्याचा तक्ता टाकत.

अशाच एका छपाईच्या दिवशी सकाळी नऊला तात्या मला बारामतीच्या स्टँडवर दिसले. कळसहून आलेली एष्टी लागली होती. सोपानरावांचा लेख पूर्वी याच गाडीच्या कंडक्टरबरोबर यायचा. तात्या खिडकीशी उभे होते.

"काय दिलंय का?"

"न्हाय, तात्या."

"शिटाखाली बघा की."

कंडक्टरनं खरंच वाकून पाहिलं. मग म्हणाला, "सोपानराव फाट्यावं उभं व्हतं. गाडी निघंपर्यंत."

"हातात काय व्हतं?"

"पाकीट व्हतं. हात काय पुढं केला न्हाय त्यांनी."

तात्या माझ्याकडे वळले. "मास्तर, तिकडनं येणारी दुसरी गाडी कवा?"

"अडीचला. अजून साडेपाच तास आहेत, तात्या."

"असू द्या," म्हणत ते बाकावर बसले आणि शेजारची जागा त्यांनी उपरण्यानं पुसली. मी बसलो.