आधी सोल, मग बोल

"बाबा, पाहुण्यांसमोर दुकान विकतोय म्हणून रडगाणं गाऊ नका हं," लेकीनं बूटवाल्यांना तिसऱ्यांदा बजावलं.

"मी कशाला गातोय? किल्ली संध्याकाळी द्यायचीय. सकाळभर गप्प बसतो."

शेजारच्या बेकरीवाल्याला भिंत पाडून भट्टी वाढवायची होती आणि बूटवाल्यांचं दुकानावरून मनच उडालं होतं. बूट दुरुस्तीत शिलाई बायकोची, कातरकाम त्यांचं. ती गेली तेव्हा तिच्या मशीनवर चादर पडली, ती कुणी उचलली नाही. मागच्या खोलीत मेहुणा सोल उचकटायचा, चिकटवायचा, खिळे ठोकायचा, इतकंच काय ते चालू होतं.

लेकीच्या कॉलेजात परदेशातली मुलं आली होती, आठवडाभरात आपली संस्कृती आणि आपला धंदा शिकायला. तिनं हट्टानं त्यांना दुकानात आणलं. मुलं गुणी होती. 'कुणाच्या घरात बूट घालून जायचं नाही' एवढं तिनं आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्यांनी दुकानालाही घराचा मान दिला. आठ जोड दारातच काढले आणि शेजारच्या फळीवर ओळीनं मांडले. गिऱ्हाइकं दुरुस्तीचे बूट ठेवायची ती हीच फळी.

मुलं जमिनीवर मांडी घालून बसली. लेक एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगू लागली. एका उंच मुलानं विचारलं, "गिऱ्हाईक टिकवता कसं?"

"ते हिच्या आईला विचारायला हवं होतं. ती म्हणायची, आधी सोल, मग बोल. भाव, वेळ, तक्रार, सगळं नंतर. सोल काढलेला बूट घेऊन गिऱ्हाईक जातंय कुठं?"

मुलं खो खो हसली. तेवढ्यात मागून आवाज आला, टर्र! मग आणखी एक टर्र.

बूटवाले धावले. मेहुण्याच्या हातात पकड होती आणि समोर सोल सुटलेल्या बुटांचा ढीग.

"अरे, हे पाहुण्यांचे!"

"फळीवर होते, भाऊजी. तुम्ही गप्पांत होता तेव्हा आत आणले. फळीवरचं ते आपलं. ताईनंच शिकवलंय."

"मामा, त्यांना अजून कारखाना बघायला जायचंय!"

"जाऊ दे की. मी काय त्यांचे पाय धरलेत?"

"चिकटव पटकन," बूटवाले ओरडले.

"चिकटवतो. पण कोपऱ्यावर पोचायच्या आत बूट जबडा वासतील. शिलाईच लागणार."

तिघंही चादरीकडे बघत राहिले. मग बूटवाल्यांनीच ती ओढली. सुईत बायकोनं ओवलेला दोरा तसाच होता, तपकिरी. बूट मात्र सगळे पांढरे.

"दोरा बदलायचा ना, बाबा?"

"नको."

पहिली शिवण वाकडी गेली, दुसरी त्याहून वाकडी. तिसरीला हात बसला. उंच मुलगा चाक फिरवू लागला. एक मुलगी सोल्यूशन लावता लावता स्वतःची वेणीच बुटाला चिकटवून बसली. ती कापावी लागते की काय म्हणून लेक रडकुंडीला आली, पण मुलगीच पोट धरून हसत होती. कारखाना राहिला, पण एकानंही कुरकुर केली नाही. बूटवाल्यांना त्या पोरांचं फार कौतुक वाटलं.

"शिलाई कुणी शिकवली?" उंच मुलानं विचारलं.

"कुणी नाही. मी समोर बसायचो."

किल्ली घ्यायला बेकरीवाला आला तर दुकानभर अनवाणी परदेशी.

"उद्या येऊ का?"

"उद्या शिलाई आहे."

"मग परवा?"

"परवापण आहे."

निघताना मुलांनी तपकिरी शिवणीवरून बोट फिरवत विचारलं, ही दुकानाची खूण आहे का?

"काय सांगू, बाबा?"

"हो म्हण. मालकिणीची."

दुकान बंद करताना बूटवाले मेहुण्याला म्हणाले, "पण काय रे, नवेकोरे सोल होते. तुला दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग एवढे सगळे कशाला उचकटलेस?"

मेहुणा पकड पुसत म्हणाला, "एकच जोड उचकटला असता, तर तुम्ही नवा घेऊन दिला असता, भाऊजी."