निम्मं रक्त, निम्मं घर

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या रस्त्यात कुत्रं भेटलं की निमकर काका आधी कुत्र्याशी बोलायचे आणि मग मालकाकडे कुत्र्याच्या आईची चौकशी करायचे. एकदा बर्फ भुरभुरत असताना एका म्हाताऱ्या बाईंना त्यांनी विचारलं, "हाउ इज मदर?" बाई हळव्या होऊन म्हणाल्या, "शी पास्ड अवे, डिअर." काकांनी टोपी काढली आणि विचारलं, "डिड शी बाइट?"

काका युनिव्हर्सिटीत आनुवंशिकता शिकवायचे. मी त्यांच्या तळघरात राहणारा विद्यार्थी. "स्वभाव म्हणजे निम्मं रक्त, निम्मं घर," हे त्यांचं पालुपद. पोहे बिघडले तरी तेच. "पोह्यांच्या रक्तातच दोष आहे. पण भिजवणाराही गाढव!"

काकू गेल्या, त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी रेशीम आणली. सोनेरी लॅब्रॅडॉरचं पिल्लू. अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणाऱ्या एका संस्थेचं. वर्षभर सांभाळायचं आणि परीक्षेला पाठवायचं. पास झालं, की ते दुसऱ्याचं.

"हिची आई आवाजाला भित्री होती," काका म्हणाले. "घर काय करू शकतं, बघू या."

मग पिल्लाची भीती मोडायला आम्हा मराठी पोरांना ड्यूटी लागली. एकानं फटकन छत्री उघडत घरात शिरायचं, दुसऱ्यानं हेल्मेट घालून, मी काकूंचा जुना गॉगल लावून. "यार, आपण पीएच.डी.ला आलोय की सर्कशीत?" माझा मित्र सुधीर कुरकुरायचा. काका रेशीमला मांडीवर घेऊन चालू व्हॅक्यूम क्लीनरशेजारी बसायचे आणि त्या घरघरीत तिला अंगाई म्हणायचे. बाहेर संथ बर्फ, खिडकीत पिवळा उजेड, आमचे ओले मोजे हुंगत फिरणारं ते पिल्लू. त्या घरात गेलं की अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटायचं.

वर्ष संपलं. रेशीम परीक्षेला गेली. दुपारी वरून व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज येई म्हणून मी एकदा जाऊन पाहिलं. काका नुसतेच त्याच्याशेजारी बसले होते.

उन्हाळ्यात संस्थेचा फोन आला. बाकी सगळं उत्तम, पण ढग गडगडले की ती जागची हलत नाही. घेऊन जा.

"रक्त जिंकलं," फोन ठेवत काका म्हणाले. चेहरा हरलेल्या शास्त्रज्ञाचा. पण निघाले ते पायजम्यावरच बूट चढवून.

पुढच्याच आठवड्यात भरदुपारी आभाळ गडगडायला लागलं. मी वर गेलो, तर जेवणाच्या टेबलाखालून काकांचे पाय बाहेर आलेले. वाकून पाहिलं. रेशीम त्यांच्या काखेत तोंड खुपसून थरथरत होती आणि काका तिचा कान कुरवाळत होते.

"काका, हिची भीती आता कशी घालवायची?"

"घालवू नकोस रे," काका हलकेच म्हणाले. "तिच्यामुळेच तर घरी आली पोर."