तात्यांच्या गाडीच्या पोटाखाली

गावात कुणी नवी गाडी आणली की लोक रंग बघतात, हार बघतात, पेढा खातात. आमचे शेजारी रंगनाथतात्या खाली वाकतात. बरोबर आणलेलं घमेलं पालथं घालून गाडीखाली सरकवतात. आरपार गेलं तर "बरी हाय" म्हणतात. अडकलं तर मालकाकडे असं बघतात, जणू त्याच्या घरी सुतक आहे. मी हौसेने छोटी मोटार घेतली, तेव्हा आई ओवाळायला तबक घेऊन उभी राहिली आणि तात्या मोटारीपुढे आडवे झाले. घमेलं अडकलं.

"गुरुजी," गुडघे झाडत ते म्हणाले, "पोटाखाली जागा न्हाई."

तात्यांचं तत्त्वज्ञान एवढंच, पण ते कुठेही चालतं. एकदा त्यांना सोयरिकीचा मुलगा बघायला नेलं होतं. परत आल्यावर म्हणाले, पोरगा चांगला हाय, पर पोटाखाली जागा न्हाई. याचा अर्थ विचारायची कुणाची छाती झाली नाही. सोयरीक मोडली.

तात्यांनी बत्तीस वर्षं दुधाची गाडी चालवली. पारनेर ते नगर आणि नगर ते पारनेर. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, तात्या एका जुन्या पिकअपला लागले. आधी चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे वाढवून ती उंच केली. मग तिला ट्रॅक्टरला शोभतील असे दात्यांचे टायर आले. प्रगती मोजायला काकूंच्या स्वयंपाकघरातली भांडी एकेक करून गाडीखाली गेली. पाडव्याला पातेलं गेलं, श्रावणात बादली गेली. बादली गेली त्या दिवशी तात्यांनी आळीत पेढे वाटले. मुलगा पदवीधर झाला तेव्हा वाटले नव्हते. काकूंना मात्र गाडीत बसायला बोलावलं, तर त्या म्हणाल्या, मला माडीवर राहायला जायचं न्हाई.

मग बॉनेटच्या बाजूने टपापर्यंत धुराड्यासारखी एक नळी चढली. गाडी पाण्यात शिरली तरी इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून. आमच्याकडे मार्चपासून टँकर येतो. ही गाडी बुडवायची तर गावाला महिनाभर तहानलेलं ठेवावं लागेल, असं मी म्हणालो. तात्या माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

त्यानंतर पुढच्या बंपरवर विंच बसला. गाडी कुठे अडकली तर झाडाला तार बांधायची आणि विंचने गाडी ओढून काढायची. तात्या त्याला यारी म्हणत. विहिरीतले दगड वर ओढणारी यारी माहीत असलेल्या गावात तेवढं पुरेसं होतं. चाचणीसाठी जवळपास झाड नव्हतं, म्हणून त्यांनी तार माझ्या फाटकाच्या खांबाला बांधली. यारी कुरकुरली. गाडी तसूभरही हलली नाही. फाटक मात्र खांबासकट गाडीकडे निघालं. तात्या खूश झाले. म्हणाले, "ताकद हाय बघा."

एवढी सगळी तयारी झालेली ती गाडी दोन वर्षं फक्त पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. रस्ता काँक्रीटचा. चहाच्या टपरीवर रोज चर्चा व्हायची. कुणी म्हणे तात्या लडाखला निघालेत, कुणी म्हणे चंद्रावर. तात्यांना विचारलं तर ते चहा संपवून उठत. माझं मत असं होतं, की म्हातारपणी काहींना कुत्रा पाळावासा वाटतो, यांना गाडी. आणि हे मत मी गावभर सांगितलं होतं.

गेल्या भाऊबीजेला सकाळी तात्या फाटकाशी आले. फाटक नवं आहे, ते हात न लावता उभे राहिले. म्हणाले, "सुट्टी हाय ना? चला. वाटंत दगड बघायला कुनी तरी लागंल."

मी गेलो. अशी गंमत टपरीवर वर्षभर पुरली असती. तात्या नव्या सदऱ्यात होते. सीटवर एक जाड, नवी कापसाची गादी बांधली होती आणि दारालगत धरायला खुर्चीचा हात बसवला होता. गादीवर बसू लागलो, तर तात्यांनी मला मधल्या उघड्या फळीवर सरकायला सांगितलं.

संगमनेरच्या पठारावर डांबर संपलं. मग खडी संपली. मग बैलगाडीची चाकोरी होती, तीही एका उघड्या कातळाशी येऊन संपली. तात्यांनी गाडी थांबवली. मला वाटलं, घाबरले. मी मनातल्या मनात टपरीवर पोहोचलोसुद्धा.

समोर बघतच ते बोलू लागले. वरच्या वाडीत त्यांची धाकटी बहीण दिलेली होती, छबू. वडील लवकर गेले, म्हणून स्थळ बघायला बाविशीचे तात्याच आले होते. हा चढ बघून बिचकले. वाडीतली माणसं म्हणाली, रस्ता मंजूर झालाय, दिवाळीपर्यंत येईल. तात्यांनी घरी जाऊन छबूला तेच सांगितलं. त्या गोष्टीला चाळीसच्या वर दिवाळ्या झाल्या. सहा वर्षांपूर्वी भर पावसात छबूबाईंचं अपेंडिक्स पोटात फुटलं. चौघांनी त्यांना झोळीत घालून याच उतारावरून खाली आणलं.

"एक कोपरा माझ्या खांद्यावर हुता," तात्या म्हणाले. "दगडावर पाय सरकला की ती कन्हायची. मला वाईट वाटू नये म्हनून तोंडात पदर धरला हुता तिनं."

त्या बऱ्या झाल्या, पण तेव्हापासून गुडघे गेले. वाडीतून खाली उतरल्या नव्हत्या. माहेर बघितलं नव्हतं.

मी खाली उतरलो आणि दगड बघू लागलो. तात्यांनी ती गाडी त्या कातळावरून अशी चढवली, की बत्तीस वर्षं डांबरावर गाडी चालवलेला हा माणूस मला ओळखू येईना. दोन ठिकाणी टायर फिरला. एका घळीत यारी लागली. तार एका बाभळीला बांधायला त्यांनी मला सांगितलं आणि मी ती तीनदा तपासली.

छबूबाई काठी टेकत दारात आल्या. गाडीकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "दादा, हे काय धूड आनलंस?" तात्या म्हणाले, माहेरी चल. त्या गाडीजवळ आल्या, पायरीकडे बघितलं, गुडघ्यांकडे बघितलं आणि मान हलवली. पाय तिथवर उचलणं शक्यच नव्हतं. भांड्यांनी मोजून वाढवलेली उंची आता बहिणीच्या छातीला लागत होती. तात्यांचा चेहरा इतका उतरला, की मी दुसरीकडे बघितलं.

मग ते गाडीत बसले. पुढे घेतली, मागे घेतली आणि घराच्या ओट्याला अगदी चिकटून उभी केली. दार उघडलं. ओटा आणि सीट एका पातळीला आले. छबूबाई ओट्यावरून चार पावलं चालल्या आणि गादीवर बसल्या. अंगणात जमलेल्या बायका हसल्या. एकीने डोळ्याला पदर लावला.

गाडी उतार उतरू लागली. समोरची नजर न काढता तात्या म्हणाले, "छबे, रस्ता येतोय म्हनून सांगितलं हुतं तुला. खोटं निघालं."

छबूबाई खिडकीतून बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "रस्ता बघून दिलं हुतंस व्हय मला? मानसं बघून दिलं हुतंस. मानसं चांगली निघाली."

तात्यांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी इतकी हळू सोडली, की डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई मागून आली, आमच्याकडे बघत पुढे गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.